सुईभर अंतर

अण्णांच्या हत्यारांच्या कपाटात वरच्या फळीवर सागवानी लाकडाचा एक ठोकळा आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद. त्यात एका ओळीत चार भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकाखाली नंबर पंचानं ठोकलेला आकडा: १, २, ३, ४. इंजिनातून काढलेला स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा तो, बोनेटवर ठेवायचा नाही, खिशात टाकायचा नाही, जमिनीवर तर नाहीच. ज्या सिलिंडरचा प्लग त्याच्याच भोकात. एक नंबर रेडिएटरकडचा, चार नंबर ड्रायव्हरकडचा. लहानपणी मला वाटायचं की हा नुसता नीटनेटकेपणा आहे. अण्णा कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांच्याकडे प्रत्येक ड्रिलला घर होतं, प्रत्येक फाइलला कापडाची पिशवी होती, तसंच हेही असेल.

तो ठोकळा कशासाठी होता हे मला अण्णा गेल्यावर तीन वर्षांनी कळलं, आंबा घाटात.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली, मूळची फियाट ११००. १,०८९ सीसीचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, एकच कार्बोरेटर, आणि इग्निशन जुन्या पद्धतीचं: बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवून देणारी कॉइल, डिस्ट्रिब्युटर, सीबी पॉइंट, कंडेन्सर. अण्णांनी ती १९९४ साली सेकंडहँड घेतली. २०१९ मध्ये ते गेले, आणि गाडी विकायची की ठेवायची या प्रश्नावर घरात फार चर्चा झाली नाही. मी ठेवते म्हणाले. मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. इंजिनाची मला भीती नव्हती. सवय मात्र नव्हती.

२०२१च्या पावसाळ्यात कॉइल गेली. एका गॅरेजमध्ये नवी बसवून घेतली, गाडी लगेच चालू झाली, मीही समाधानानं घरी आले. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी तिला एक खोड लागली. गावात अगदी व्यवस्थित. सकाळी चोक ओढला की पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू. सपाटीला साठच्या वेगानं चालली तर कुठं कुरकुर नाही. पण चढ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबला की मिसिंग. एक प्लग मारायचा नाही, मग पुन्हा मारायचा, मग दोन मारायचे नाहीत. गॅरेजवाल्यांनी चार प्लग बदलले. गाडी सुधारली. चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा चार नवे प्लग. पुन्हा सुधारणा, पुन्हा तेच. दीड वर्षात तीन सेट झाले. दरवेळी ते माझ्यासमोर प्लग बाहेर काढायचे, वायरीला जोडून हेडला टेकवायचे आणि सेल्फ मारायला सांगायचे. प्लगच्या टोकाला टच्‌ टच्‌ निळा झटका दिसायचा. "बघा मॅडम, करंट एक नंबर आहे." मलाही दिसत होता तो. निळा, लख्ख.

डिसेंबर २०२२ मध्ये रत्नागिरीहून परत येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट सुरू झाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडीनं अक्षरशः मान टाकली. मागं ट्रक, शेजारी आई, बाहेर अंधार पडत आलेला. एका वळणावर बाजूला घेऊन उभी केली, थंड होऊ दिली, आणि मग अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर, जेमतेम पायानं, पहिल्या गिअरमध्ये वर आणली. हळू दाबलं की चारही सिलिंडर चालतात आणि खोल दाबलं की सोडून देतात, ही गोष्ट त्या चढावर माझ्या पायाला स्पष्ट कळत होती. हेच उत्तर होतं, पण ते मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मामांकडं गेले. मामा म्हणजे अण्णांचे मित्र, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज. तरुणपणी बरीच वर्षं मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काढली. पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी त्यांनी पेट्रोलवरही पाहिली आणि नंतर सीएनजीवरही. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बोनेट उघडलंच नाही.

"जुनं प्लग कुठं हायत?"

"टाकले."

"कुणी?"

"गॅरेजमध्येच. दोन्ही वेळेला. तिसरा सेट अजून गाडीत आहे."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आत काय चाललंय ते सांगाया इंजनातनं भाईर येणारं तेवढंच एक असतंय पोरी. त्येच टाकून दिलं व्हय?"

त्यांनी प्लगपाना लावून चारही प्लग सोडवले. मी अण्णांचा ठोकळा सोबत नेला होता, का नेला होता ते मलाही सांगता येणार नाही. मामांनी तो पाहिला, भोकांवरून अंगठा फिरवला आणि एकेक प्लग आपापल्या जागी ठेवला. चारही प्लगांची चिनी मातीची नाकं चांगल्या रंगाची होती. काजळी नाही, तेल नाही. म्हणजे मिश्रण ठीक, रिंगा ठीक. मग मी माझ्याकडची फिलर गेजची पात्यांची जुडी काढली आणि पंचवीस थाऊचं पातं गॅपमध्ये, म्हणजे ठिणगीला ओलांडायच्या फटीत, घातलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंचवीस थाऊ म्हणजे ०.६३ मिलिमीटर. पातं बरोबर अडकत अडकत गेलं.

"पंचवीसच आहे," मी म्हणाले.

"अण्णाची सुई कुठाय?"

ती मला माहीत होती. कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत कापसात ठेवलेली शिवणाची सुई. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या एकेक सुया अण्णांनी मायक्रोमीटरवर मोजल्या होत्या आणि ज्या सुईचं अंग नेमकं ०.६३ भरलं ती ठेवून घेतली होती. आई आजही सांगते, त्या दिवशी त्यांनी सगळ्या सुया उलट्यासुलट्या करून ठेवल्या. मी ती सुई कधी वापरली नव्हती. बाजारात चांगलं पोलादी फिलर गेज मिळत असताना सुई कशाला?

मामांनी सुई गॅपमध्ये घातली. ती आत जाऊन हलायला लागली. नुसती सैल नव्हे, वरखाली खुळखुळत होती.

"पट्टी सपाट हाय. खड्डा गोल हाय. पट्टी खड्ड्यावरनं पूल टाकून जाती."

भिंग आणलं तेव्हा दिसलं. प्लगच्या बाहेरच्या वाकड्या दांडीच्या आतल्या अंगाला, मधल्या टोकाच्या बरोबर समोर, छोटी वाटी पडली होती. अंगठ्याच्या नखानं मेणावर दाबून करावी तशी. सपाट पातं त्या वाटीच्या दोन काठांवर टेकत होतं आणि मला पंचवीस सांगत होतं. ठिणगीला मात्र वाटीच्या तळापर्यंत उडी मारावी लागत होती. जाडजाड सुया घालून बघितलं तर गॅप तीसच्याही वर गेला होता. आणि हे झालं होतं फक्त चार-पाच हजार किलोमीटरमध्ये. अण्णा साध्या निकेलच्या प्लगवर पंधरा-वीस हजार सहज काढायचे, मध्ये एकदा घासून, गॅप करून.

मी शिकवते ते सगळं त्या क्षणी डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. हवेतून ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज नुसत्या अंतरावर ठरत नाही, ते अंतर आणि दाब या दोघांच्या गुणाकारावर ठरतं. फ्रीडरिश पाशेननं १८८९ साली मांडलेला नियम आहे हा. उघड्या हवेत सहा दशांश मिलिमीटरची फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. तीच फट सिलिंडरच्या आत, पिस्टन वर येऊन मिश्रण दाबलेलं असताना, त्याच्या कित्येक पट मागते. आणि अ‍ॅक्सिलरेटर जितका खोल दाबाल तितकं जास्त मिश्रण आत येतं, तितका दाब वाढतो, तितकी ठिणगी महाग होते. सपाटीवर अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला ती परवडते, चढावर परवडत नाही. घाटात माझ्या पायाला कळलं होतं ते हेच. गॅरेजमधला तो निळा लख्ख झटका खोटा नव्हता. फक्त तो उघड्या हवेतला होता.

मी हे मोठ्यानं म्हणाले, तर मामा म्हणाले, "हवेत कुणीबी झटका मारतंय. दाबात मारला तर खरा."

पण वाटी का पडली हा प्रश्न शिल्लक होता. प्लग झिजतो हे कुणालाही माहीत असतं. सहसा झिजतं ते मधलं टोक. त्याच्या कडा गोल होत जातात. इथं मधलं टोक बऱ्यापैकी धारदार होतं आणि बाहेरची दांडी पोखरली होती, तीही चारही प्लगांची सारखीच. एका सिलिंडरचं दुखणं असतं तर एकच प्लग वेगळा दिसला असता. चारही सारखे म्हणजे दुखणं चौघांच्या मागं, एकाच ठिकाणी. ठोकळ्यावर चार प्लग शेजारी शेजारी उभे नसते तर हे इतक्या झटकन दिसलं नसतं.

मामांनी खिशातून शिसपेन्सिल काढली. तिला दोन्ही बाजूंनी टोक केलं. एक नंबरची हाय टेन्शन वायर प्लगपासून थोडी दूर धरली, रबराचा जाड तुकडा हाताला गुंडाळून, आणि मधल्या फटीत पेन्सिलचं शिसं धरलं. मला सेल्फ मारायला सांगितलं. वायरीतून ठिणगी शिशावर, शिशावरून प्लगवर. त्या दोन उड्यांपैकी एका उडीत ठिणगीला हलकी नारिंगी शेपटी दिसते. जोडणी बरोबर असेल तर ती पेन्सिल आणि प्लगच्या मध्ये दिसली पाहिजे. आमच्याकडं ती पेन्सिल आणि वायरीच्या मध्ये होती. (हे घरी करून बघू नये. त्या वायरीत पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, हाताखाली सरावलेलं माणूस नसेल तर मुळीच नाही.)

कॉइलच्या दोन बारक्या वायरी उलट्या लागल्या होत्या. अधिकच्या जागी उणे, उण्याच्या जागी अधिक. अशी उलटी लावली तरी कॉइल चालते. झटका देते, गाडी चालू होते, म्हणून कुणाला कळत नाही. पण ठिणगीची दिशा फिरते. प्लगचं मधलं टोक चिनी मातीच्या आत बसलेलं असतं, त्याची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून ते बाहेरच्या दांडीपेक्षा जास्त तापतं. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज निघतात. म्हणून ते टोक उणे ठेवायचं, म्हणजे इलेक्ट्रॉन गरम घरातून निघून थंड घराकडं जातात. उलटं केलं की त्यांना थंड दांडीतून ओढून काढावं लागतं, त्याला व्होल्टेज बरंच जास्त लागतं, आणि ठिणगी त्या दांडीलाच खात जाते. मग वाटी पडते. वाटी पडली की फट वाढते, फट वाढली की आणखी व्होल्टेज. नवा प्लग घातला की सुरुवातीला फट कमी असते म्हणून काही महिने निभावतं. दीड वर्ष मी आणि ते गॅरेज याच चक्रात होतो.

पाना घेऊन दोन नट सोडवून वायरी अदलाबदल करायला दोन मिनिटं लागली असतील. सगळी हकीकत पहिल्या फेकून दिलेल्या सेटवरही लिहिलेली होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळते आणि ज्याच्याकडं जुनी गाडी आहे त्याला कळकळीनं सांगते. नवा प्लग घालण्यापूर्वी जुना वाचा. आणि वाचून झाल्यावरही पुढचा सेट निघेपर्यंत तो जपून ठेवा, नंबर लावून.

वाचायचं कसं, याचं अण्णांचं शास्त्र मी आता आठवून आठवून गोळा करते आहे. चांगला प्लग कसा दिसतो याला ते म्हणायचे, "जुन्या गुळाचा रंग पाहिजे." कोल्हापूरच्या माणसाला याहून नेमकं सांगायची गरज नाही. कोरडी काजळी, बोट लावलं की बोट काळं: मिश्रणात पेट्रोल जास्त, किंवा एअर फिल्टर तुंबलेला, किंवा चोक पुरता परत जात नाही. ओलं, चकचकीत काळं: ऑइल वर येतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे गाइड. पांढराफटक आणि टोकावर बारीक दाणे: फार तापतोय, पेट्रोल कमी पडतंय किंवा ठिणगीचं टायमिंग पुढं गेलंय. पण गावातून रखडत आलेल्या, दारात पाच मिनिटं घुरघुरत उभ्या असलेल्या गाडीचा प्लग काढला तर तो त्या पाच मिनिटांचीच गोष्ट सांगणार. म्हणून अण्णा पन्हाळ्याला जायचे. कोल्हापूरपासून वीस-एक किलोमीटर, शेवटचा चढ चांगला जोराचा. चढ संपता संपता चावी बंद, गिअर न्यूट्रल, आणि गाडी तशीच घरंगळत बाजूला. इंजिन जोर लावत असतानाच्या क्षणी थांबवलं की प्लगवर त्या जोराचीच खूण उरते.

लगेच प्लग काढायचा मात्र नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. गरम असताना जोर लावला तर पोलादाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे आटे उचलून येतात, आणि हेडचे आटे गेले की काम लेथवर जातं. म्हणून आधी झुणका-भाकरी. वर बायका चुलीवर थापून देतात ती. आम्हा भावंडांना वाटायचं की आपण झुणका-भाकरीसाठी पन्हाळ्याला येतो.

आता प्लग निवडण्याबद्दल. मामांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही, पुस्तकात लिहिलाय तो घाला. माझ्या मते थोडं आहे, कारण पुस्तकातला नंबर आज दुकानात मिळतोच असं नाही. अण्णांच्या कपाटात मायकोची जुनी खोकी आहेत. मायको म्हणजे बॉशची भारतातली कंपनी, १९५१ मध्ये सुरू झालेली, २००८ मध्ये तिचं नावही बॉश झालं. त्या जुन्या खोक्यांवर तीन आकडी नंबर आहेत. त्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग थंड: २२५ हा १७५पेक्षा थंड. नंतर बॉशनं एक आकडी पद्धत आणली आणि दिशा उलटली. १७५चा झाला ७ आणि २२५चा झाला ५. आता आकडा मोठा तितका प्लग गरम. चॅम्पियनचंही असंच, मोठा म्हणजे गरम. एनजीकेचं उलट, मोठा म्हणजे थंड. दुकानदार काउंटरवर "सात नंबर दिलाय, सहाच्या जवळचाच" म्हणाला की कुठल्या कंपनीचा सात हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गरम-थंड याचा ठिणगीशी काही संबंध नाही. नाकाशी आहे. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, प्लग गरम राहतो. आखूड असेल तर लवकर निवतो. नाकाचं तापमान पाचशे अंशांच्या आसपास गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. नऊशेच्या आसपास पोचलं की तेच नाक निखारा होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. प्लग या दोन टोकांच्या मध्ये नांदला पाहिजे, गावातल्या सिग्नललाही आणि घाटातही. रोज दोन किलोमीटर भाजी मंडईपर्यंतच जाणाऱ्या गाडीचे प्लग काजळत असतील तर एक पायरी गरम घालून बघायला हरकत नाही. पण प्लग पांढरा पडतोय म्हणून थंड प्लग घालणं म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवणं. ताप कशाचा ते आधी शोधायचं.

नंबरापेक्षाही आधी बघायची ती आट्यांची लांबी. बाहेरून दोन प्लग हुबेहूब दिसतात, १४ मिलिमीटरचेच असतात, पण एकाचे आटे १२.७ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याचे १९. आखूड भोकात लांब प्लग घातला तर टोक आत पिस्टनच्या वाटेत येऊ शकतं. म्हणून नवा प्लग जुन्याच्या शेजारी उभा करून बघायचा, आणि त्यासाठीही जुना हातात असावा लागतो.

इरिडियमचे प्लग घालू का, असं मला जुन्या गाड्या बाळगणारी तरुण मुलं विचारतात. मी नको म्हणते. ते प्लग वाईट नाहीत. ज्या नव्या इंजिनात प्लगपर्यंत पोचायला अर्धं इंजिन सोडवावं लागतं तिथं लाख किलोमीटर टिकणारा प्लग वरदान आहे. शिवाय बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते. माझं कारण तिथंच आहे. त्या दीड वर्षात मी इरिडियमचे प्लग घातले असते तर कदाचित घाटातलं मिसिंग थांबलंही असतं, आणि उलटी कॉइल तशीच राहिली असती. पद्मिनीचे प्लग काढायला दहा मिनिटं लागतात. ज्या इंजिनाशी इतक्या सहज बोलता येतं त्याला साधा निकेलचा प्लगच द्यावा. बोलणं कळतं.

आणि गॅप. नव्या खोक्यावर "गॅप केलेला आहे" असं लिहिलेलं असलं तरी करायचाच. खोकं दुकानात, टेम्पोत, गोदामात कितीदा पडलेलं असतं. एकच कोपर लागलं तरी पाच थाऊ इकडंतिकडं होतात. अण्णा खिडकीकडं तोंड करून बसायचे, प्लग डोळ्यासमोर उजेडात धरायचे. आधी नुसतं बघायचं: मधल्या टोकाचा माथा आणि वरची दांडी समांतर आहेत का. दांडी तिरकी असेल तर ठिणगी नेहमी एकाच कडेवर पडते. मग सुई. सुई पडायला नको, ढकलायलाही लागायला नको. लोण्यातून काढल्यासारखी यायला हवी, हे अण्णांचे शब्द. गॅप जास्त असेल तर प्लग उलटा धरून दांडी लाकडाच्या ठोकळ्यावर अगदी हलकी आपटायची, चहाच्या कपाला चमचा लागावा इतकीच. कमी असेल तर दांडी बाहेरच्या बाजूनं चिमट्यात धरून उचलायची. मधल्या टोकाला टेकू देऊन उचकायचं कधीच नाही, नाकाला तडा जातो आणि तो तडा भिंगातूनही दिसत नाही. सगळं वाकवणं बाहेरच्या दांडीचं, मधल्या टोकाला हात नाही. प्लग वापरात झिजून गॅप वाढतोच, म्हणून शंका असेल तेव्हा दोन थाऊ कमीकडं.

गॅप कमीच ठेवला तर काय बिघडतं, असं मी मामांना विचारलं होतं. घोळ नको म्हणून वीसच ठेवू. त्यांनी मान हलवली. सीएनजीच्या टॅक्सीला ते वीसच ठेवायचे, कारण गॅसला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर मात्र ठिणगी आखूड पडली तर ज्योतीला हातपाय पसरायला जागा कमी पडते. मिश्रण जरा पातळ असलं, इंजिन थंड असलं, की ज्योत दोन थंड धातूंच्या मध्येच विझते. मग बारीक घुरघुरताना गाडी लंगडते. फार मोठी फट चढावर मारते, फार छोटी फट दारात उभ्या गाडीला मारते. पंचवीसवर दोघींचं भांडण मिटतं, निदान या इंजिनात, या कॉइलवर. तीन हजारच्या फेऱ्यांवर प्रत्येक प्लग सेकंदाला पंचवीस वेळा आणि कॉइल सेकंदाला शंभर वेळा हे काम करते. मी वर्गात ही आकडेमोड फळ्यावर करून दाखवते आणि मग जुनी कॉइल टेबलावर ठेवते. मुलं पहिल्यांदा शांत होतात ती तेव्हा.

प्लग बसवताना अण्णा पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचे आणि तो फिरवून प्लग आत घालायचे. आटे वाकडे लागले तर रबर नुसतं घसरतं, हेड वाचतं. हातानं पूर्ण बसल्यावरच पाना. नव्या वॉशरला अर्धा ते पाऊण फेर, वॉशर दबताना हाताला कळतो. जुना असेल तर नुसता स्पर्श.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या कायमच्या बंद झाल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. मामांनी फोनवर तिचा व्हिडिओ दाखवला. आवाज मोठा करून त्यांनी फोन कानाला लावला आणि थोड्या वेळानं म्हणाले, "टॅपेट वाजत्यात थोडं. बाकी गाडी ब्येस हाय."

आता माझ्यापुढं नवा प्रश्न आहे, जो अण्णांना कधी पडला नव्हता. त्यांनी शिशाचं पेट्रोल पाहिलं, १ फेब्रुवारी २०००पासून देशभर ते बंद झाल्यावरचं बिनशिशाचं पाहिलं, आणि प्लगचा रंग तेव्हाही एक छटा फिका झाला होता, तो त्यांनी वहीत लिहून ठेवला आहे. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. नवी गाडी सेन्सरनं ते ओळखून इंधन वाढवते. पद्मिनीच्या कार्बोरेटरला सेन्सर नाही, जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, भोकातून जेवढं येईल तेवढंच. म्हणजे मिश्रण आपोआप पातळ. गेल्या हिवाळ्यात माझे चारही प्लग फिके पडू लागले. गूळ जाऊन पिठीसाखर. चारही सारखे, म्हणजे दुखणं पुन्हा चौघांच्या मागं. या वेळी मी कुठलाही प्लग बदलला नाही. मामांना ठोकळा नेऊन दाखवला. त्यांनी मेन जेट एक नंबर मोठा घातला, पेट्रोलचे रबरी पाइप बदलले आणि म्हणाले, "जा आता पन्हाळ्याला."

गेल्या रविवारी गेले. सोबत आई होती आणि माझी भाची, सातवीतली. शेवटच्या वळणाला दुसऱ्या गिअरमध्ये पाय खोल दाबला. चारही सिलिंडर एका सुरात. सपाटीला लागता लागता चावी बंद केली आणि गाडी घरंगळत झाडाखाली आणली. बोनेट उघडून ठेवलं. निवत असलेल्या लोखंडाचा टिक्‌ टिक्‌ आवाज येत होता. आम्ही झुणका-भाकरी मागवली, कांदा फोडला, आई तेलकट ठेच्याबद्दल काहीबाही सांगत राहिली. पाऊण तासानं मी हेडला हात लावून पाहिला. नुसतं कोमट.

भाचीनं ठोकळा मांडीवर धरला होता. एक नंबर काढून दिला, तिनं तो पहिल्या भोकात ठेवला. गुळाचा. दोन, तोही. तीन, तसाच. चार नंबर तिनं जरा जास्त वेळ बघितला आणि माझ्याकडं न बघता खाली ठेवला.

"आत्या, चार नंबर वेगळा आहे का गं?"

मी प्लग उजेडाकडं फिरवला. एका बाजूला किंचित पांढुरका होता. एवढासाच. मी डबीतून सुई काढली आणि तिच्या हातात दिली.